आधी गियर की आधी फासा

३ मार्च

परत हरले. जाऊबाई परत जिंकल्या. आणि जिंकून वर म्हणतात कशा, "तुझी गाडी गवतात चरायला गेली होती का गं?"

चरू दे. माझी गाडी, माझं गवत.

४ मार्च

काल रागात होते, नीट लिहिलं नाही. ठकीने, म्हणजे माझ्या नातीने, स्वतःच्या डोक्यातून एक खेळ काढलाय. शर्यतीचा. जेवायच्या टेबलावर हा एवढा पुठ्ठा, त्यावर वाकडातिकडा रस्ता, रस्त्यावर घरं आखलेली. लाकडाच्या गाड्या. माझी लाल. जाऊबाईंनी हात पुढे करायच्या आत मी लाल उचलली. त्यांना करडी मिळाली. शोभतेही. तिसरी पिवळी, ती सूनबाईची — कामावरून आली की खेळते, पण अर्धं लक्ष गॅसवर.

आपली पाळी आली की गियर बोलायचा. पहिला म्हटलं तर एक फासा, दुसरा म्हटलं तर दोन, असं चौथ्यापर्यंत. सगळं मिळून जेवढं दान पडेल तेवढी घरं पुढे. सरळ रस्त्यावर कुणीही राजा. पण प्रत्येक वळणावर एक आकडा लिहिलाय. वळणात दान त्या आकड्याच्या वर गेलं की गाडी उडते, गवतात जाते, आणि एक पाळी गप्प बसायचं.

मला गप्प बसवणारा खेळ घरात शोधून काढला पोरीने. बापाला जमलं नव्हतं ते.

जाऊबाईंचं काय सांगू. वळण लांबून दिसलं तरी पहिला गियर. बोटाने घरं मोजणार, ओठ हलणार, चहा गार होणार. सारी हयात दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या, तिथे घाई केली की चुकतं म्हणे. मी चौथ्याशिवाय बोलत नाही. हळूच जायचं असतं तर गाडी कशाला हवी, पायी गेले असते.

७ मार्च

आम्ही खेळतो तेव्हा ठकी आतल्या खोलीत जाऊन बसते, दार लोटून. नुसतं ऐकते. मी म्हटलं, अगं बस की आमच्यात. तर म्हणाली, "नाही आजी. खेळ बनवणाऱ्याने तोंड घालायचं नसतं. उद्या कुणी डबा विकत घेतला तर मी त्याच्या घरी जाणार आहे का समजवायला?" बरोबर आहे. मग डाव संपला की बाहेर येते, कोण जिंकलं, कोण कुठे उडालं, विचारते, आणि त्यावरून वळणांचे आकडे खोडून नवीन घालते.

सकाळी माझ्या मुलाने चहा पिता पिता फर्मान काढलं. ३१ तारखेपर्यंत टेबल तिचं. १ तारखेला टेबल रिकामं आणि ठकी त्याच्या मित्राच्या ऑफिसात. मित्राने जागा धरून ठेवलीय. खोक्यांवर चित्रं काढायची नोकरी तिने सोडली तेव्हापासून तो तिच्या मागे लागलाय. "फासे टाकून पोट भरत नाही."

मी म्हटलं, "तू लहानपणी पत्र्याच्या डब्यांचं विमान करत होतास. उडालं का? मी टेबल काढून घेतलं का?"

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"पडायचं काय त्यात? एका खुर्चीवर तू, एका खुर्चीवर ती. मधली खुर्ची माझीच आहे."

सूनबाई हसली आणि लगेच खोकल्याचं नाटक केलं.

२२ तारखेला एक खेळणीवाला येणार आहे. स्वतः येऊन बघणार. त्याला पसंत पडलं तर तो छापणार, मग ऑफिस रद्द. एवढंच आहे सगळं. एवढंच म्हणजे सगळंच.

१० मार्च

ठकी वैतागलीय. म्हणे, "दर वेळी मोठी आजी जिंकते. जपून खेळणाराच दर वेळी जिंकणार असेल तर दुसऱ्यांदा खेळायला कोण बसेल?"

मी बसते की. पण मला कोण धरतंय हिशेबात.

मग तिने वाऱ्याची पानं केली. दर पाळीला एक उचलायचं. मागून वारा आला तर सहा घरं पुढे, समोरून आला तर मागे. काय सुंदर पानं होती! दोन डाव मी लागोपाठ जिंकले. तिसऱ्याला जाऊबाई उठून उभ्या राहिल्या. "उद्यापासून मी डोकं घरी ठेवून येते. पान उचलायला काय, माकडही चालेल." असं म्हणून माझ्याकडे बघितलं. पदर खोचला आणि चालत्या झाल्या. त्या एकट्याच राहतात, त्यांचं दोन खोल्यांचं घर मागच्या गल्लीत, पण पाय असे आपटत गेल्या की गल्ली संपेपर्यंत ऐकू येत होतं.

ठकीने पानं फाडली. मी म्हटलं, फाडू नकोस गं, लोकांना नशीब आवडतं. तर म्हणते, "हरणाऱ्यांना आवडतं, आजी."

तोंडाळ आहे. माझ्यावर गेलीय.

अक्कल अक्कल करतात जाऊबाई. अक्कल वापरली असती तर मी त्यांच्या धाकट्या दिराशी लग्न केलं असतं का? ट्रक चालवायचा माणूस, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. माझ्या चुलत्याने आणलेलं ते स्थळ कितीतरी सावकाश चालणारं होतं. मी ट्रक बघितला आणि हो म्हटलं. ट्रक बघितला, माणूस नंतर बघितला. चांगला निघाला. हे काय म्हणायचं मग? नशीबच ना? पण नशीब म्हटलं तर ते वर बसून रागावतील, म्हणून माझी निवड म्हणते.

कुठे होते मी? हां. पानं फाडली.

१३ मार्च

हात बसायला लागलाय. माझ्या हातात फासा ठरत नाही, पाळी यायच्या आतच एक निसटतो. निसटला की दिसतो. दिसला की कळतं काय करायचं. एक पडला असेल तर बिनधास्त चौथा बोला. सहा पडला आणि पुढ्यात वळण असेल तर पहिलाच बरा. आज दोन वळणांतून सुखरूप सुटले. जाऊबाईंच्या फक्त तीन घरं मागे.

म्हातारपणी शिकता येत नाही म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठवा.

१५ मार्च

जिंकले! माझ्या अकलेने जिंकले, वाऱ्याबिऱ्याच्या मदतीशिवाय. लाल गाडी रेघेपार.

आणि तिथेच आग लागली.

जाऊबाईंनी करडी गाडी खाली ठेवली आणि आतल्या दाराकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, "ठके, ही आधी फासा टाकते आणि मग गियर बोलते."

"मग? असाच तर खेळ आहे," मी म्हटलं.

दार उघडलं. ठकीचा चेहरा बघून मीच गार. "नाही आजी. आधी गियर बोलायचा. मग फासे. काय पडणार ते माहीत नसताना बोलायचं, तीच तर जोखीम."

"तू सांगत होतीस तेव्हा मी चष्मा शोधत होते."

"कधीपासून खेळतेस असं?"

उत्तर जाऊबाईंनी दिलं. "पहिल्या दिवसापासून."

"मोठी आजी! आणि तू बोलली नाहीस?"

"हरतच तर होती. हरणाऱ्याला काय टोकायचं?"

बघा. बघा कशी बाई आहे. जिंकले म्हणून चोर ठरले. हरत राहिले असते तर साव होते.

पण ठकी मटकन बसली. वळणावळणाचे आकडे तिने आमच्या डावांवरून बसवलेत. आणि आम्ही एका टेबलावर दोन वेगळे खेळ खेळत होतो, जाऊबाई एक, मी एक. खेळणीवाला आठवड्यावर आलाय. जेवली नाही. ताट तसंच.

मी माफी मागितली नाही. चष्म्याला मागायला सांगा. फक्त जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने झटकला नाही.

१६ मार्च

ठकी पुठ्ठ्याकडे बघत बसलीय. फाशांना मी हात लावला नाही, सबंध दिवस.

१७ मार्च

सकाळी उठते तो टेबलावर पट मांडलेला. ठकी म्हणाली, "आजपासून सगळ्यांनी आजीसारखं. एक फासा आधी टाकायचा, सगळ्यांना दिसेल असा. मग गियर बोलायचा. मग उरलेले फासे."

मी लगेच म्हटलं, "ती माझी युक्ती आहे. सगळ्यांना दिली तर माझं काय उरलं?"

जाऊबाई म्हणाल्या, "चुकीचा नियम करायचा? उद्या ही पुठ्ठ्यावर चहा सांडेल, तेही नियमात घालशील?"

आम्ही दोघी एका बाजूला! सूनबाई खिडकीशी जाऊन बघून आली, सूर्य कुठल्या दिशेला उगवलाय ते.

ठकीने कुणाचं ऐकलं नाही. आत गेली, दार लोटलं.

खेळलो. जाऊबाई पुढे. समोर मोठं वळण, आकडा नऊ. त्यांनी फासा टाकला — दोन. आता दोन म्हणजे केवढं लहान दान. बोट पुढे जातंय, मागे येतंय. "आणखी एक घेतला तर जास्तीत जास्त आठ. म्हणजे दुसरा गियर बिनघोर. पण तिसरा घेतला आणि दोघांत सात आले तरी…" ओठांवर घाम. त्या बाईला मी माझ्या लग्नाच्या वरातीतसुद्धा घामेजलेली पाहिली नव्हती. माझी लाल दोन घरं मागे होती ना, म्हणून. मला मागे ठेवण्यासाठी बोलल्या, "तिसरा."

पाच आणि सहा. दोन धरून तेरा. करडी गाडी गवतात.

मी जीभ चावली. मला बोलायचं होतं. बरंच बोलायचं होतं.

मग जाऊबाई म्हणाल्या, "दोन दिसत होते ना. दिसले म्हणून मोह झाला." आणि हसल्या. दात दिसतील असं.

ठकी दारात उभी होती. स्वतःशीच म्हणाली, "थोडं दिसायला हवं आणि थोडं नाही." परत आत गेली.

डाव सूनबाईने मारला. भाजी करपली ती करपलीच.

२० मार्च

रोज चार-पाच डाव. कधी ही जिंकते, कधी ती, कधी मी. मी सगळ्यांत कमी, पण मी जिंकते तेव्हा बघण्यासारखं असतं.

आज मुलगा ऑफिसची बॅग घेऊन बाहेर पडत होता. टेबलापाशी थांबला. म्हणाला, "काकू, दुसराच घ्या, पुढे सहाचं वळण आहे." मग त्याला आठवलं की आपल्याला हे पसंत नाही. बॅग या हातातून त्या हातात घेतली आणि गेला. वळणाचा आकडा बरा पाठ आहे.

२२ मार्च

आला खेळणीवाला. बूट एवढे चकचकीत की दारात काढले तेव्हा मी उचलून आत ठेवले. गोड माणूस, खोटं कशाला सांगू. आमच्यात बसला, निळी गाडी घेतली. दोनदा उडाला आणि दोन्ही वेळा टाळी वाजवली. जाऊबाईंना म्हणाला, "आजी, तुम्ही डेंजर आहात." त्या वयात एवढ्या लाजल्या की काय सांगू.

ठकीचे हात टेबलाखाली होते. मला दिसत होते. एक हात दुसऱ्याला धरून.

मग म्हणाला, "छान आहे. मी छापतो." मी उठलेच चहा ठेवायला. अर्ध्या वाटेत ऐकलं ते असं — "फक्त एवढं करा, गियर काढून टाका. एक फासा, सहा पडले तर सहा घरं. लोक दमलेले असतात हो, त्यांना विचार करायला लावू नका. लहान मुलांत चालेल. गाड्यांना डोळे काढू आपण, हसरे."

गाड्यांना डोळे!

ठकी म्हणाली, "दोन दिवस द्या."

"घ्या की. पण गियर असेल तर मला नको, हे आत्ताच सांगतो."

मुलगा सगळा वेळ पेपरमागे होता. पेपराचं पान एकदाही उलटलं नाही. खेळणीवाला गेल्यावर म्हणाला, "विचार कसला करायचाय यात? हो म्हण. मीच ऑफिसात फोन करून सांगतो की ही येणार नाही."

तो सुटला होता बिचारा. खांदे खाली आले होते त्याचे. त्याला ऑफिसच हवंय असं नाही. पोरगी कुठेतरी टेकलेली हवीय.

२३ मार्च

ठकीने आम्हा दोघींना समोर बसवलं. "तुम्ही सांगा. माझ्या खेळात सगळ्यांत जास्त उडालेली एक आणि सगळ्यांत कमी उडालेली एक. काय करू?"

मी म्हटलं, "हो म्हण." लगेच. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. छापून येऊ दे, नाव होऊ दे, मग पुढचा खेळ मनासारखा कर."

ठकी माझ्याकडे बघतच राहिली.

जाऊबाईंनी पुष्कळ वेळ घेतला. बोटं गुडघ्यावर चालत होती, नसलेली घरं मोजत. मग म्हणाल्या, "नाही म्हण."

"जाऊबाई, तुम्ही सांगताय हे?"

"मी सांगतेय. गियर काढला तर मी काय खेळू? नुसता फासाच हलवायचा तर घरात सापशिडी पडलीय. माझं इतकं डोकं कुणी चालवलं नव्हतं आजवर. गाड्यांना डोळे काढतोय मेला."

"पण नंतर कुणी घेतलंच नाही तर?"

"तर नाही घेतलं. तुला कशाची एवढी भीती वाटते गं धाकटे?"

वाटली. लिहूनच टाकते, इथे कोण बघतंय. चौथा गियर बोलताना मला कधी भीती वाटली नाही कारण गाडी लाकडाची होती. आज समोर पोरगी होती. तोंडातून पहिलाच निघाला.

पण एक आहे. जाऊबाईंना नात नाही. हे मी त्यांना म्हटलं नाही. जिभेवर आलं होतं, गिळलं. तेवढी अक्कल आहे.

२४ मार्च

ठकीने फोन केला. नाही म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही. ठेवल्यावर न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली.

मी दाराबाहेरून म्हटलं, "मी काल चुकीचं बोलले. तू केलंस ते बरोबर."

आतून आवाज आला, "तुला आत्ता काय माहीत, बरोबर की चूक?"

"नाही माहीत. पण बाजू कुठली घ्यायची ते माहीत आहे."

२५ मार्च

मुलाने टेबल रिकामं केलं. ३१ तारखेची वाट नाही पाहिली. आरडाओरडा नाही, आपटाआपट नाही, पुठ्ठा नीट दुमडला, गाड्या पिशवीत भरल्या. ते जास्त लागलं. "संधी घरी चालून आली होती, आई. बूट काढून घरात आली होती. आणि हिने परत पाठवली. १ तारखेला ऑफिस, आता मला काही सांगू नका."

ठकीत भांडायचं काही उरलं नव्हतं.

माझ्यात होतं. मी पिशवी उचलली, पुठ्ठा उचलला, माझ्या खोलीत नेला आणि माझ्या खाटेवर पसरला. डोक्यापासून पायापर्यंत. "ही खाट माझी आहे. हिच्यावर कुणाचं फर्मान चालत नाही."

"आणि झोपणार कुठे तू?"

"कडेला."

"पडशील."

"पडले तर एक पाळी बसेन."

त्याला हसू आलं होतं. दाबलं त्याने, पण आलं होतं. मी जन्म दिलाय, मला कळतं.

२७ मार्च

कडेला झोपून कंबर धरलीय. कुणाला सांगितलेलं नाही. चालताना गाणं म्हणते म्हणजे कण्हणं ऐकू येत नाही.

दुपारी आम्ही दोघी खाटेवर मांडी घालून खेळलो. ठकी आत नव्हती, ऑफिसासाठी बूट घ्यायला गेली होती. जाऊबाईंचं खेळात लक्ष नव्हतं. त्यांनी घरं मोजलीच नाहीत. मी जिंकले आणि मजा आली नाही.

निघताना सहज विचारावं तसं विचारलं, "तुझ्या खोलीत दुसरी खाट मावेल का गं?"

मी म्हटलं, कशाला? तर म्हणाल्या, "विचारलं फक्त."

३१ मार्च

जाऊबाई आल्या. पेटी घेऊन, हातगाडीवाल्याच्या डोक्यावर गादी. दारातूनच माझ्या मुलाला म्हणाल्या, "ठकी उद्या ऑफिसात जायची नाही. माझ्या घरी जायची. दोन्ही खोल्या तिच्या, वर्षभर. तिथेच छापेल, कापेल, डबे भरेल. गियरसकट. चावी दिलीय." मुलगा म्हणाला, "काकू, अहो पण तुम्ही?" म्हणाल्या, "मी इथे." त्याने गादी उतरवून घेतली, दुसरं काय करणार. ठकी मधोमध उभी, नवे बूट पायात, हसतेय की रडतेय ते तिलाच ठाऊक.

आता माझ्याच खोलीत उभ्या आहेत आणि म्हणतात, खिडकीकडची बाजू माझी. मी म्हटलं, तशी मिळायची नाही. मांडा पट.